चूलबंद फॉलो

आमच्या पालेगावात लग्नाचं आवतण दोन तऱ्हांचं असतं. एक घरटी माणूस. म्हणजे घरातला एक जण जेवून गेला की मान राहिला. दुसरं चूलबंद. चूलबंद आवतण आलं की त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. म्हातारी, सून, रांगतं पोर, पाहुणा म्हणून आलेला जावई, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. आता चुली गेल्या, गॅस आले, निम्म्या भातखाचरांवर टॉवर उभे राहिले, तरी शब्द तोच आहे. यजमान दारात उभा राहून "चूलबंद हाय बरं का" म्हणाला की समजायचं, हा आपल्याला घरातलं मानतो.

हे आधी सांगायचं कारण असं, की मी मोबाइलवर माणसं फॉलो केली ती चूलबंद केली. काढली तीही चूलबंद. त्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली. ती तशी लाजेची आहे, पण सांगायला रंगते, आणि रंगणारी गोष्ट पोटात ठेवणं मला कधी जमलेलं नाही.

दिवसा मी अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका कारखान्यात स्टोअर्स ऑफिसर आहे. ड्रम आले, ड्रम गेले, सही केली. संध्याकाळी मात्र मी हळदीचा निवेदक. हातात माईक, खांद्यावर यजमानांनी घातलेली शाल, आणि "नवरदेवाच्या मामांनी एकच पाऊल पुढे यावं, दोन आले तर मांडव सरकेल!" असली भाषा. बावीस वर्षं मी हे केलं, अंबरनाथपासून बदलापूरच्या पलीकडच्या वाड्यांपर्यंत. आणि बावीस वर्षं माझ्या शेजारी एकच माणूस बेंजो घेऊन बसत होता. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. आमच्याकडची हळद त्याच्याशिवाय चढत नाही.

तो माझा शाळेपासूनचा मित्र. मला 'सायब' म्हणायचा, कारण कारखान्यात मला खुर्ची होती. मी माईकवर एखादा जड शब्द टाकला, समजा 'मांगल्य' किंवा 'ऋणानुबंध', की तो बेंजोवर हुबेहूब कावळा काढायचा. काव. मांडव हसून लोळायचा. लोकांना वाटे, दोघांनी बसवलंय. बसवलेलं काही नव्हतं. त्याला मला खरोखर गप्प करायचं असे.

तर फॉलोचं असं झालं. प्रत्येक हळदीनंतर घरची मंडळी रील टाकत, त्यात मला जोडत, आणि मी त्यांना फॉलो करत असे. इथे घरटी माणूस चालत नाही. नवरदेवाला केलं आणि त्याच्या काकाला नाही केलं, तर पुढच्या लग्नात काका माईकची वायर काढतो. हे मी कल्पनेने सांगत नाही, चिखलोलीत एका काकाने काढली होती. तेव्हापासून मी घर धरलं की अख्खं घर धरायचो. नवरी, नवरा, करवल्या, काका, काकाचा जिममधला मुलगा, मुलाची जिम. असं करत आकडा दोन हजारांच्या वर गेला.

गेल्या वर्षी, लग्नसराई संपता संपता, माझा मित्र गेला. दुपारी जेवला, आडवा झाला, चार वाजता चहाला उठवायला गेले तर उठेना. मी खांदा दिला. मडकं फुटताना बाजूला सरकलो. बाराव्याला पंगतीत बसलो, भाजी चांगली झाली होती, दुसऱ्यांदा घेतली. लोक माझ्याकडे बघत होते, आता हा कोसळेल म्हणून. मीही वाट बघत होतो. काही झालं नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो ना, मग आपणच आपला गाल चावला तरी पत्ता लागत नाही, तसं. मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल.

उतरलं नाही. मी निवेदन सोडलं. विचारलं कोणी तर सांगायचो, घसा बसलाय. घसा वर्षभर बसला.

संध्याकाळी मोकळा वेळ आला आणि हातात फोन आला. दोन हजार घरच्यांच्या हळदी, बारशी, नवी गाडी, गाडीला लिंबू-मिरची, लिंबू-मिरचीचं रील. मी चिखलोलीच्या आमच्या नव्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून हे बघत असे. बघत असे म्हणजे समोरून जाऊ देत असे.

बायको एकदा मागे येऊन उभी राहिली.

"अहो, ही कोण?"

"माहीत नाही."

"मग तिच्या कुत्र्याचा वाढदिवस का बघताय?"

"लागला समोर."

"कुत्र्याचं नाव काय?"

मी अंगठा सरकवला.

"बघा! आत्ता केकवर लिहिलेलं होतं एवढं मोठं. तुम्ही बघत पण नाही. नुसता अंगठा चालतोय. शिवणाचं मशीन बरं, निदान बटण तरी लागतं."

हे असंच आणखी कितीही दिवस चाललं असतं. पण वर्षश्राद्धाच्या महिनाभर आधी मित्राच्या बायकोचा फोन आला. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भावजी.

"भावजी, वर्षाचं हाय आता. तुमच्याकडं त्यांचं काय वाजवलेलं हाय का? हलदीतलं नको. त्यात सगला डीजे आनि पोरांचा आरडाओरडा. नुसतं त्यांचं पायजे. मांडवात लावूया बोलतंय मी."

"आहे की वहिनी," मी म्हणालो. "चाळीसेक आहेत."

तिकडे पंखा बंद केल्याचा खटका वाजला.

"चालीस? आनि मना ठावं नाय?"

"वर्षाच्या दिवशी घेऊन येतो. शब्द."

चाळीसच्या वर होती. त्रेचाळीस. गोष्ट अशी, की मित्राने त्या रिळांच्या अॅपवर एक खातं उघडलं होतं आणि त्याला कुलूप लावलं होतं. तो आत घेईल त्यालाच दिसणार. घेतले होते फक्त अकरा जण. सकाळी म्हशीचं दूध काढून झालं की तो पडवीत बसून मिनिट-दोन मिनिटं वाजवायचा आणि ते तिथे टाकायचा. घरी सांगितलं नव्हतं. "घरात कललं तर पुतण्या बोलतील, काका, आमच्या गान्यावर वाजव. मग संपलंच." कारखान्यात जायच्या आधी मी बऱ्याचदा त्याच्याकडे चहाला थांबायचो, तेव्हा फोन मीच धरायचो. तो गेल्यापासून मी ते खातं उघडलं नव्हतं. यादीत त्याच्या बेंजोचं गोल चित्र दिसायचं आणि मी पुढे सरकायचो, रस्त्यावरचा खड्डा चुकवतात तसा.

आता उघडणं भाग होतं. रोज ठरवायचो, आज त्याच्याकडे जायचं. अॅप उघडायचो, पहिल्यांदा कोणाची तरी करवली नाचायची, मग कोणाचं तरी वास्तुशांत, आणि पाऊण तासाने मी फोन ठेवून द्यायचो. त्याच्या दारापर्यंत पोचायचोच नाही.

बायको म्हणाली, "आधी ही जत्रा कमी करा. मग जा त्यांच्याकडे शांतपणे."

मला पटलं. माझी सुट्टी शुक्रवारी. मी स्कूटर काढली आणि उल्हासनगर कॅम्प एकला गेलो. तिथे एका सिंधी काकांचं मोबाइलचं दुकान आहे; काका माझ्याच वयाचे. माझ्या प्रत्येक फोनची काच त्यांनीच बदलली आहे. एक बटण दाबलं की सगळे फॉलो एकदम पुसणारं एक अॅप मी जाहिरातीत पाहिलं होतं. ते टाकून द्या म्हणालो.

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. "साईं, इसको पासवर्ड दोगे?"

"द्यावा लागतोच ना."

"अच्छा. घर की चाबी भंगारवाले को देते हो? कि भाई, मैं बाजार जाके आता हूँ, तू अंदर से फालतू-फालतू चीज उठा ले?"

शेजारच्या गिऱ्हाइकाला हसू आवरेना. मलाही आवरलं नसतं, एरवी.

"तुम्हालाच पासवर्ड देतो मग. तुम्ही काढा."

"मेरे को भी नहीं! किसी को भी नहीं! हाताने काढायचं, साईं. रोज थोडा-थोडा. एकदम दो सौ निकालोगे तो कंपनी समझेगी ये आदमी नहीं, मशीन है. खाताच बंद करेल." मग ते जवळ सरकले. "और जो रिश्तेदार नाराज होगा, उसको निकालो मत. म्यूट करो. उसका दिखना बंद. उसको मालूम भी नहीं पड़ेगा."

हे ऐकून मला, प्रामाणिकपणे सांगतो, वर्षातला पहिला आनंद झाला असावा. इतकी सभ्य सोय! माणूस समोर बसलेला, तोंड हलतंय, आवाज नाही, आणि त्याला वाटतंय आपण ऐकतोय. ही सोय लग्नात असती तर माझं निवेदन कोणी ऐकलंच नसतं.

"पहले कागद पे लिस्ट बनाओ," ते सांगत राहिले. "और एक बात. जिसने खाते को ताला लगाया है ना, उसको हाथ लगाने से पहले सोचना. एक बार निकल गया तो वापस दरवाजा खटखटाना पड़ेगा. अंदरवाला खोलेगा तो खुलेगा. कुछ जरूरी हो तो पहले बचा के रख लो."

हो हो म्हणालो. बचाके ठेवायचं तर आधी उघडायला हवं होतं. नव्या काचेसकट घरी आलो.

यादी करायला मला वेगळं काही लागलं नाही. माझी निवेदनाची जुनी वही होती. तिच्यात घराघराने सगळं लिहिलेलं: कोणाची हळद, कोण रुसलं, कोणाचं नाव माईकवरून चुकूनही घ्यायचं नाही. घराने जोडले होते, तर घरानेच काढू, असं ठरलं. शिवाय एक कोरा कागद घेऊन त्यावर लाल पेनाने मित्राचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'याला हात लावायचा नाही.' तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावला. बायकोला म्हटलं, लक्षात ठेव. ती म्हणाली, "मी का लक्षात ठेवू? तुम्हीच ठेवा."

मग आमचा कार्यक्रम सुरू झाला. रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा. ती वही घेऊन डायनिंग टेबलापाशी, मी फोन घेऊन समोर. ती हजेरी घ्यायची.

"चिखलोली, वायर काढणारा काका."

"म्यूट."

"बदलापूर, नवरी रुसलेली. एकोणीस जण."

"सगळे काढतो. नवरी ठेवतो."

"का?"

"रुसल्यावर छान दिसत होती."

"काढा."

काढली.

"अंबरनाथ पूर्व, वरमाय नाचता नाचता पाटावर बसली ते."

"पाट मोडला होता. ते राहू दे, त्यांच्याकडे अजून दोन मुली लग्नाच्या आहेत."

"तुम्ही कुठे आता निवेदन करता?"

काढले.

पहिल्या दिवशी शंभर, मग रोज दीडशेच्या वर; बाकीचे म्यूट. काढताना काही वाटायचं नाही. माणसाचं नाव, शेजारी बटण, दाबलं की बटणाचा रंग बदलतो, पुढचं नाव. ज्याच्या साखरपुड्यात मी अंगठी हरवल्याचं नाटक करून अर्धा तास काढला होता, त्याचं बटण. जी माझ्या पाया पडून सासरी गेली तिचं बटण. ड्रम गेले, सही केली.

सहाव्या की सातव्या दिवशी बायकोने वाचलं, "पालेगाव, पुतणीची हळद. हे तर बेंजोवाल्या भावजींचंच घर ना?"

"चुलत. त्या वाड्यातल्या सगळ्या पोरी आहेत. त्यांचे नाच आता मला नको."

"बरं," म्हणाली आणि दूध उतू जायला लागलं म्हणून उठली.

मी आडनाव टाकलं. खाली भली लांब यादी आली. आमच्या गावात अर्ध्या गावाचं आडनाव एक आहे. पुतण्यांची खाती सगळी कुलूपवाली. कुलूपवालं खातं काढताना फोन एकदा विचारतो, काढायचं नक्की का, पुन्हा हवं असेल तर विनंती पाठवावी लागेल. हो. पुढची. विचारलं. हो. पुढची. हो. चेहऱ्यांकडे मी बघतच नव्हतो. सगळ्यांनी कुत्र्याचे कान लावलेले किंवा पाठमोऱ्या. फोन विचारायचा, मी हो म्हणायचो. माझ्याकडे आलेल्या कुठल्याही प्रश्नाला वर्षभर मी हेच उत्तर देत होतो, जेवलात का, झोप लागते का, बरं वाटतं का.

घर संपलं. बायकोने वहीत टिक केली.

दुसऱ्या दिवशी मात्र गर्दी खरंच कमी झालेली होती. अॅप उघडलं तर चार-पाच गोष्टी आणि मग शांत. मी म्हटलं, आता जावं त्याच्याकडे. नाव टाकलं. बेंजोचं गोल चित्र आलं. त्याखाली कुलूप. हे खातं खाजगी आहे. वर आकडा दिसत होता, त्रेचाळीस, आणि शेजारी निळं बटण, फॉलो करा.

मी ते दाबलं. बटण राखाडी झालं. 'विनंती पाठवली.'

कोणाला पाठवली?

यावर मी काय केलं ते जसंच्या तसं सांगतो. उठलो. फ्रिजपाशी गेलो. लाल पेनातला कागद वाचला. अक्षर माझंच होतं, बरं आलं होतं. मग पिशवी घेऊन भाजी आणायला गेलो, आणि गवार आणली, जी आमच्याकडे कोणी खात नाही.

चार दिवस मी ते राखाडी बटण बघत होतो. अकरांतले बाकीचे दहा कोण हे मला माहीत नव्हतं, आणि कुलपाच्या आत गेल्याशिवाय ती यादीही दिसत नाही. बायकोला सांगितलं तेव्हा तिने वही बंद करून कपाटात ठेवली.

शुक्रवारी पुन्हा कॅम्प एक.

"अंदरवाला खोलेगा, और क्या," काका म्हणाले. "फोन लगाओ उसको."

"तो वारला. वर्ष होईल."

काकांनी माझा फोन हातात घेतला. काच स्वच्छच होती, तरी त्यांनी फडक्याने पुसली, दोन्ही बाजूंनी.

"उसका फोन किधर है?"

"देऊन टाकला. बाराव्याला कोणीतरी म्हणत होतं, जुना आहे, देऊन टाकू."

"देखा, कि सुना?"

"ऐकलं."

"फिर इधर क्या कर रहे हो? जाओ ना, पूछो!"

विचारायला जायचं म्हणजे वहिनीला सांगायला जायचं. श्राद्धाला आठ दिवस राहिले होते. चिखलोलीहून पालेगाव स्कूटरवर दहा मिनिटांचं, आणि मी वर्षात एकदाही ते केलेलं नव्हतं. वाटेत दोन नव्या टॉवरांची कुंपणं आली होती, वळण चुकलो. स्वतःच्या गावात पत्ता विचारला. सांगणारा बिहारी वॉचमन होता, त्याने बरोबर सांगितला.

वहिनी पडवीत सुपात सुकट, वाळवलेली बारीक कोळंबी, निवडत बसली होती.

"या. रस्ता गावला?"

"नाही गावला. विचारत आलो."

"मंग ठीक हाय. मना वाटलं, घसा बसला तशे पाय पन बसले."

मी बसलो. मित्राची बसायची जागा मोकळी होती, भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता. तिथे न बसता मी अलीकडे बसलो. बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात घरात फोन वाजला. ती गाऊनला हात पुसत आत गेली आणि फोन कानाला लावूनच बाहेर आली.

"हा, बेंजो पार्टीच. नाय, ते नायत आता. दीर वाजवतात. चांगलं वाजवतात. तारीख बोला तुमी. हलद किती वाजता लागनार? सात बोलाल आनि दहा करनार, मना ठावं हाय."

तिच्या हातातला फोन मी ओळखला. कोपऱ्यात काच तडकलेली. ती मीच पाडली होती, शूटिंग करताना.

"हा फोन तुमच्याकडे आहे?"

"मंग कुनाकडं असनार? टेम्पोवर नंबर लिवलाय मोठा. माजा नंबर लिवायचा तर रंगारी बोलवाया लागंल."

वर्षभर ती पार्टीच्या सुपाऱ्या घेत होती. मला माहीत नव्हतं. माहीत व्हायला मला यावं लागलं असतं.

मग मी सांगितलं. सगळं, क्रमाने. खातं, कुलूप, अकरा जण, वही, हजेरी, पुतण्या, हो-हो-हो. थोडं रंगवलंही, सवयच आहे. ती सुकट निवडायची थांबली नाही.

"मंजे ते गेले," ती शेवटी म्हणाली, "आनि तुमी त्यांना काडून टाकलात."

"चुकून, वहिनी."

"अख्खं घर काडलात?"

"अख्खं. चूलबंद."

ती हसायला लागली. तोंडाला पदर नव्हता म्हणून सूप धरलं, सुकट अंगावर सांडली. "चूलबंद काडलंन! अरे देवा. ते असते तर कावला काडला असता." हसून झाल्यावर तिने डोळे पुसले, पाणी हसूनच आलं होतं की कसं ते मी बघितलं नाही.

फोनवर बोट फिरवून तिने नक्षी काढली, तो उघडला. ते अॅप तिने कधी उघडलेलंच नव्हतं. "ते लाल ठिपकं दिसतं त्याच्यावर. मना वाटलं, काय पैसं मागतंय." मी कुठे दाबायचं ते दाखवलं. उघडल्यावर सगळ्यात वर माझाच फोटो. शाल, माईक, बत्तीस दात. 'तुम्हाला फॉलो करू इच्छितात.' खाली दोन बटणं.

"हे निलं दाबलं की तुमी आत?"

"हो."

तिने बोट वर धरलं. मग खाली घेतलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

"नाय दाबत."

"वहिनी?"

"दाबलं की तुमी तिकडं गॅलरीत बसून बगाल. मंग वरीसभर तोंड दाखवनार नाय. बगायचं तर इथं येऊन बगा. मना पन हे चालवाया येत नाय, तुमी चालवा. आपुन दोघं बगू."

"आणि वर्षाच्या दिवशी?"

"याच फोनवरून लावू. पार्टीचा स्पीकर हाय की."

त्या दुपारी आम्ही पहिलं बघितलं. पडवी तीच. तो मांडी घालून, बनियन, बेंजो मांडीवर. बटणांवर बोटं आपटल्याचा खटखट आवाज सुरांच्या वर येत होता. मध्येच फोनच्या मागून कोणीतरी म्हणालं, "आता ऋणानुबंधाची एक धून!" आणि त्याने मान वर न करता काढला, काव. मग फोनच्या मागचा माणूस हसायला लागला. इतका हसला की चित्र हलायला लागलं, भिंत, छप्पर, जमीन, म्हशीचं शेपूट. हा हसतोय कोण ते मला आधी कळलंच नाही. वहिनीला वळून विचारणार होतो.

ती माझ्याकडेच बघत होती. "असं हसायचात तुमी," ती म्हणाली. "आतपर्यंत ऐकू यायचं मना, चुलीपाशी."

वर्षाच्या दिवशी मांडवात तेच लावलं. मी माईकला हात लावला नाही. स्पीकरवर काव झालं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "शिवला गं शिवला," आणि पंगत हसली. मीही तोंड तसं केलं.

त्यानंतर दर शुक्रवारी मी पालेगावला जातो. ती एकच दाखवू देते. एकाच्या वर मागितलं तर फोन कमरेला खोचते. माझ्या फोनवर ते बटण अजून राखाडी आहे, 'विनंती पाठवली.' मी ती मागे घेतलेली नाही, तिने ती मान्य केलेली नाही. मधूनच सुपारीचा फोन आला की मित्र वाजवता वाजवता थांबतो आणि ती तारीख लिहून घेते.

गेल्या शुक्रवारी मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, वहिनी, मी इतकी बघितली, पण मला अजून काही वाटत नाही. कोणाला बोललो नाही हे. आत नुसतं बधिर आहे.

तिने माझ्याकडे बघितलं, मग सूप माझ्या पुढ्यात सरकवलं.

"सुकट निवडा मंग," म्हणाली. "डोकी येगली काडा."

मी डोकी वेगळी काढायला लागलो.